कोरडा तुंबा

ताबार्नोला एका जागी बसलेलं कापकोरोस गावात कोणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ती दारात उभी राहून प्यायची, आणि तोही अर्धा झाला की कप तसाच कुंपणावर ठेवून गाईकडे निघायची. शेजारची कोबिलो म्हणायची, "तुझी पोर पळते त्यात नवल काय? पोटात असतानाच नऊ महिने पळवलीस तिला." ताबार्नो हसायची, पण हसतानाही हाताने काहीतरी झाडत, पुसत, बांधत असायची. पायाला भिंगरी म्हणतात ती हिच्या पायाला जन्मतःच लागली असावी.

सकाळी अराप केटेर तीन तुंबे घेऊन आला तेव्हा ती गोठ्यातून बाहेर येत होती. अराप केटेर हा शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. स्वतः आयुष्यात बसथांब्यापर्यंतसुद्धा पळाला नसेल, पण गावातलं कोणी पदक घेऊन आलं की स्वागत समितीचा चेअरमन तोच. डोक्यावर हॅट, हातात काठी, आणि बोलायला लागला की समोर हजार माणसं बसलीत असाच आवाज.

"चेमागेटची आई! हे बघा काय आणलंय."

त्याने तिन्ही तुंबे बाकावर मांडले. भोपळे चांगले होते, मानेला बारीक, पोटाला रुंद, वर चामड्याचं झाकण. पण त्यांच्या गळ्याभोवती रंगीत मणी ओवले होते आणि त्या मण्यांत अक्षरं होती.

"काय लिहिलंय?"

"नावं! हा जेलागातचा, हा चेसांगचा, आणि हा आपल्या डॉरकासचा."

"डॉरकास कोण?"

"अहो, तुमची मुलगी! चर्चमधलं नाव विसरलात की काय? मंत्री येणार आहेत स्वागताला. मंत्र्यांपुढे काय 'तरस' म्हणून हाक मारू तिला?"

ताबार्नोने तुंब्याकडे पाहिलं. पोरी अजून पळालेल्याही नव्हत्या. साऱ्या आफ्रिकेचे खेळ दूर पश्चिमेकडे, घामाच्या धारा लागणाऱ्या कुठल्याशा देशात सुरू झाले होते. तिथे कोणी पोहत होतं, कोणी ठोसे मारत होतं. आपल्या तिघींची दहा हजार मीटरची शर्यत व्हायला अजून आठवडा होता. आणि इथे जिंकून आलेल्याने मुरसिक, म्हणजे तुंब्यात आंबवलेलं दूध, प्यायचं, त्या तुंब्यावर नावं लागली होती!

"मास्तर, ही नावं काढा आधी."

"का?"

"शर्यत झालीय का?"

"मुरसिक मुरायला आठवडा लागतो हे मी तुम्हाला सांगू? शर्यत झाल्यावर दूध घालाल तर पोरी काय विमानतळावर आठवडाभर बसून राहतील? दूध आधीच घालावं लागतं."

"दूध आधीच घालते मी. आजवर घालतच आले. पण कोणाचं ते तोंडाने बोलत नाही. जो जिंकेल तो पिईल. तुम्ही तर गावभर दवंडी पिटलीत."

"काळ बदललाय, कोगो," अराप केटेर म्हणाला. आजी म्हणून मान द्यायचा आणि त्याच दमात तिला म्हातारी ठरवायचं, ही त्याची खोड जुनीच. "जेलागात आणि चेसांगच्या घरून दूध येईल तुमच्याकडे. तिसऱ्यात तुमच्या गाईचं घाला. तुमच्यासारखा तुंब्याला आतून कोळसा कोणाला लावता येत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

आणि तो गेला. त्याला अजून मंडपवाल्याकडे जायचं होतं.

आता या बाईला नावाची एवढी धास्ती का, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे पोर पावसात झालं की जेरोप, सूर्य कलताना झालं की जेलागात, घराबाहेर उघड्यावर झालं की चेसांग. नाव काही शोधावं लागत नाही, पोर आपलं नाव घेऊनच येतं. ताबार्नोचा पहिला मुलगाही असाच पहाटे आला, आणि पहाटेचं नाव ल्याला. ती त्याला पाठीला बांधून बाजारात मिरवायची, भेटेल त्याला त्याचे दात दाखवायची. तो चालायला लागायच्या आत तापाने गेला. दुसऱ्या वेळी तर पोटात असतानाच ती म्हणत सुटली होती की मुलगीच होणार, गोरीगोमटी होणार. मुलगीच झाली, आणि नाव ठेवायच्या आत गेली.

तिसऱ्या वेळी ती गप्प राहिली. मुलगी झाली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, आणि नाव ठेवलं चेमागेट. तरस. हे तरसाचं पोर आहे, आमचं नव्हे, याला नेऊन काय मिळणार, असं मरणाला वाटावं म्हणून. मरण फसलं. मुलगी जगली, आणि चांगली टणटणीत जगली.

पण हे सगळं कळायला माणसाचं वय व्हावं लागतं. शाळेत पोरं चेमागेटच्या मागे तरसासारखं खिदळत धावायची. ती रडत घरी यायची. "जेलागातच्या आईने तिला केवढं छान नाव ठेवलं! तुला माझं काहीच चांगलं वाटलं नाही का?" ताबार्नो उत्तर द्यायची नाही. बोललं की ऐकणारे ऐकतात, अशी तिची खात्री होती. ती म्हणायची, "जा, पाणी आण." आणि चेमागेट डबा घेऊन पळत सुटायची. पळण्याची सुरुवात, खरं म्हणाल तर, रागातूनच झाली.

पुढे ती पळण्यात नाव काढायला लागली तरी आईचं तोंड उघडलं नाही. जिल्ह्यात पहिली आली, ताबार्नो म्हणाली, "बरं झालं, आता गाय सोड." राष्ट्रीय निवड झाली, ती म्हणाली, "बघू." जेलागातची आई रेडिओवर छाती ठोकून सांगायची, "माझी मुलगी सोनं आणणार!" आणि चेमागेटची आई कुंपणाआड उभी राहून ऐकायची आणि तिथून निघून जायची.

खेळांना निघायच्या दिवशी चेमागेट मटाटूत बसली होती. त्या मिनीबसमध्ये तिच्या आजूबाजूला कोबीची पोती आणि कोंबड्या. तिने खिडकीतून हात बाहेर काढून आईचं मनगट धरलं.

"आई, एक मागू?"

"काय?"

"यावेळी माझ्यासाठी दूध घाल. माझ्यासाठी म्हणून."

ताबार्नोच्या ओठांवर आलं होतं. पण गाडीत सतरा कान होते. ती म्हणाली, "आधी पळ तर."

चेमागेटने हात सोडला. गाडी वळणाआड गेली, तरी ताबार्नो रस्त्यात उभीच होती. मागून सिमेंटचा ट्रक येऊन भोंगा वाजवायला लागला तेव्हा बाजूला झाली.

तर असे ते तीन तुंबे आता बाकावर होते. दुपारी दोन्ही घरांतून दूध आलं. ताबार्नोने ते उकळून गार करायला ठेवलं. सेनेत्वेतच्या झाडाची फांदी चुलीत जाळून तिच्या निखाऱ्याने तुंबे आतून घासले, एकदा, दोनदा, आतलं सगळं काळंभोर होऊन धुराचा वास सुटेपर्यंत. जेलागातचा भरला. चेसांगचा भरला. झाकणं लावली.

तिसरा तिने सगळ्यांत जास्त घासला. मग आपल्या गाईचं दूध तुंब्याच्या तोंडाशी नेलं, आणि हात थांबला.

ती बाहेर जाऊन आली. लाकडं फोडली. परत आत आली. दूध तसंच होतं. पुन्हा बाहेर जाऊन कोंबड्या हाकल्या. इतर दोघींचं काय, त्यांच्या आयांनी बोलून टाकलंय, त्यांचं ते बघून घेतील. पण हिच्या तुंब्यात दूध घालायचं, तेही नाव लिहिलेल्या तुंब्यात, म्हणजे जगाला ओरडून सांगायचं की बघा, मला हे हवंय. दोनदा सांगितलं होतं तिने. दोन्ही वेळा नेलं.

तिने तुंब्यावर झाकण घट्ट लावलं, कोरडाच, आणि तो बाकीच्या दोघांच्या शेजारी ठेवून दिला. ते दूध तिने मांजरीला आणि कोबिलोच्या नातवंडांना वाटून टाकलं. दोन दिवसांनी अराप केटेर तपासणीला आला. दारातूनच तीन तुंबे ओळीने बघून "वा, वा" म्हणाला आणि गेला.

पण त्या दिवसापासून ताबार्नोची झोपही गेली आणि भूकही. कोरडा ठेवला ते बरं केलं असं सकाळी वाटायचं, आणि दुपारपर्यंत पोरीचा खिडकीतून सुटलेला हात आठवायचा. एवढं एकच तर मागितलं होतं. भरायला ती एकदा उठलीही. मग वाटलं, आता मध्येच भरला तर तेही कोणाच्या तरी डोळ्यात भरेल.

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव चौकातल्या चहाच्या हॉटेलात, टीव्हीपुढे. ताबार्नो आत गेलीच नाही. हॉटेलचं दार ते समोरची पिठाची गिरणी, गिरणी ते दार, अशा तिच्या येरझाऱ्या चालू होत्या. आत काय चाललंय ते कोबिलो दारातून ओरडून सांगत होती.

"जेलागात पुढे! चेसांग तिच्या मागे!"

ताबार्नो गिरणीकडे गेली.

"इथिओपियाच्या दोघी आल्यात बरोबरीला! नुसत्या चिकटून आहेत!"

ताबार्नो परत आली. "आणि..." तिने नाव घेतलं नाही.

"मागे आहे गं. पार मागे."

आत कोणीतरी म्हणालं, "ही तरस काय मागून हाडं गोळा करत येतेय का?" आणि सगळे खो खो हसले. ताबार्नोला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. बघू नका रे तिच्याकडे. असंच. कोणीच बघू नका.

मग बराच वेळ आतून नुसती कुजबुज आली. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. शेवटच्या फेरीची घंटा टीव्हीतून ऐकू आली, आणि मग हॉटेलातून असा आवाज उठला की गिरणीवाल्याने इंजिन बंद केलं. कोबिलो दारातून ओरडत होती, पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. नुसती हातवारे करत होती, बाहेरून, बाहेरून, असं काहीतरी. इथिओपियाच्या दोघी जेलागातवर डोळा ठेवून होत्या आणि चेसांगला आत कोंडत होत्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाने, जिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं ती चेमागेट निघाली ती निघालीच. मागे जेलागात सुटली, तिच्या मागे चेसांग. सोनं, चांदी, कांस्य. तिन्ही आपल्याच.

हॉटेलातली माणसं रस्त्यावर आली. कोणी कोणाला मिठ्या मारतंय, कोणी खुर्ची डोक्यावर घेऊन नाचतंय. मघाशी तरस म्हणून हसलेला माणूस ताबार्नोचे हात धरून रडत होता. आणि ताबार्नो? तिला आनंद झाला, एवढा झाला की तिच्या येरझाऱ्या थांबल्या. आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे तो कोरडा तुंबा आला.

"कोबिलो," ती म्हणाली, "घरी चल."

घरात कोबिलोने झाकण काढून आत नाक घातलं. "अगं, हा तर कोरडा आहे!"

"हो."

"तुझ्याच पोरीचा?"

"हो."

कोबिलोने कपाळावर हात मारला. "विमान परवा उतरणार. परवा संध्याकाळी मैदानावर मंत्री. मुरसिक काय दोन दिवसांत मुरतं?"

"नाही मुरत."

"मग असं कर. या दोघींच्यातलं थोडं थोडं काढ, यात ओत. कोण बघायला येतंय?"

ताबार्नो दाराशी गेली, परत आली. "ती आपल्या गाईच्या दुधावर वाढलीय. पहिल्या घोटाला ओळखेल की हे दुसऱ्याच्या घरचं आहे."

"ओळखू दे! कोरड्यापेक्षा बरं."

"त्यांच्या आयांनी घातलेलं काढून माझ्या पोरीला पाजू? मग मी घातलं काय?"

"मग सांगणार काय तिला?"

हाच तर प्रश्न होता. तिने एकच मागितलं होतं. आता तुंबा उघडेल आणि तिला वाटेल, जेलागातच्या घरच्यांना भरवसा होता, चेसांगच्या घरच्यांना होता, माझ्याच आईला नव्हता. हे वाटणं एकदा मनात बसलं की निघायचं नाही. कितीही सोनं गळ्यात असलं तरी.

दोन दिवस ताबार्नो घरात कमी आणि वाटेवर जास्त होती. वाटेने जाताना ओठ हलायचे. मनात वाक्यं जुळवायची, मोडायची. स्वागताच्या दिवशी सकाळी तिने गाय पिळली, तुंबा पुन्हा कोळशाने घासला आणि त्यात ते ताजं दूध ओतलं. शेवटी रिकाम्या हाताने कसं जाणार.

मैदान फुलून गेलं होतं. पोरींच्या गळ्यात सिनेन्देतच्या हिरव्या वेली घातल्या होत्या, बायका गात होत्या, मंत्री खुर्चीत घाम पुसत होते. अराप केटेरचा आवाज कर्ण्यातून दरीपलीकडे जात होता. जेलागात प्यायली. चेसांग प्यायली. प्यायल्यावर तुंबा म्हाताऱ्यांकडे, पाहुण्यांकडे फिरायचा, प्रत्येकाचा एक घोट. मंत्र्यांनीही घेतला, आणि आंबटपणाने त्यांचा एक डोळा मिटला. लोक हसले.

"आणि आता, सुवर्णकन्या डॉरकास! आणि तिच्या मातोश्री!"

ताबार्नो पुढे झाली. चेमागेट तिच्यापेक्षा हातभर उंच. तुंबा बघून तिचा चेहरा असा उजळला की ताबार्नोला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"घातलंस," चेमागेट म्हणाली. "माझ्यासाठी घातलंस."

"तोंडाला लावायच्या आधी ऐक." गाण्याच्या गलक्यात ताबार्नोला तिच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. "हे मुरसिक नाही. आज सकाळचं दूध आहे."

चेमागेटने तुंबा हलवून पाहिला. आत पातळ डुचमळलं. "त्या दोघींचं?"

"त्यांचं मुरलंय."

"माझंच नाही?"

"तुझंच नाही. भरवसा नव्हता म्हणून नाही, पोरी. भीतीने. मला काय हवंय ते कधी कोणाला दिसू दिलं नाही मी. तुझ्या आधीच्या दोघांच्या वेळी दाखवलं, दोघं गेली. मग तुला तरसाचं नाव दिलं. हा तुंबाही त्यासाठीच कोरडा ठेवला. तू हवी होतीस म्हणून, दुसरं काही नाही."

 आयुष्यात आईच्या तोंडून एवढे शब्द चेमागेटने एका दमात ऐकले नव्हते. मग ती खाली वाकली.

"आई, तिकडे सगळे विचारायचे, तुला काय करायचंय. मी म्हणायची, मी या दोघींना साथ द्यायला आलेय. प्रशिक्षकांनाही तेच सांगितलं. जिंकायचं होतं ते मी उशीलासुद्धा सांगितलं नाही."

"का?"

"कोणास ठाऊक. भीती वाटली. म्हणून पार मागेच राहिले, कोणी बघू नये म्हणून."

ताबार्नोचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी कर्णा खेकसला, "आटपा, आटपा! मंत्रीमहोदय थांबलेत. एक घोट घ्या आणि तुंबा इकडे द्या!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तुंबा फिरला की पहिल्याच माणसाला कळणार होतं. सुवर्णपदकवालीच्या तुंब्यात मुरसिक नाही, तिच्या आईने घातलंच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर आणि उद्या रेडिओवर.

चेमागेटने तुंबा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. एक घोट झाला, दुसरा झाला. ती थांबेना. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. अराप केटेर दोन्ही हात पुढे करून उभा. गळ्यातल्या वेलीवर दूध सांडत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने तुंबा खाली केला नाही. तुंब्याचं बूड आभाळाकडे गेलं. मग तिने तो उलटा करून तळहातावर आपटला. एक थेंब पडला नाही.

"अहो, मंत्र्यांना तरी थोडं ठेवायचं!" अराप केटेर कर्ण्यातच ओरडला.

"संपलं, मास्तर," धापा टाकत ती म्हणाली. "आईने माझ्यापुरतंच घातलं होतं. आणि माझं नाव चेमागेट आहे, तेच सांगा."

फोटोवाला पुढे आला. तिच्या ओठावर दुधाची मिशी होती, पांढरीशुभ्र, मुरसिकसारखी करडी नव्हे. ताबार्नोने सगळ्यांच्या आधी ते पाहिलं. तिने खांद्यावरच्या फडक्याचं टोक घेतलं आणि भर मैदानात, मंत्र्यांसमोर, लहान पोराचं पुसावं तसं तिचं तोंड पुसलं. चेमागेटने पुसू दिलं, आणि मग तिला मोठा ढेकर आला.